सोमवार-गुरुवारचं मेण

"म्हणजे बावीस वर्षं मला फसवलंस, असंच झालं ना."

"फसवलं कशाला? तुम्ही विचारलंत का कधी?"

"विचारलं नाही? दर सोमवारी दुपारी गाडी कडेला लावून फोन करायचो. पहिला प्रश्न काय असायचा माझा? जेवलीस का."

"आणि मी काय सांगायचे?"

"जेवेन म्हणायचीस."

"मग? जेवायचेच की. सूर्य मावळला की."

ड्रायव्हरसाहेबांनी टेबलावरच्या दोन ताटल्यांकडे पाहिलं. प्रत्येकीत एक अंडं होतं. एकाची कड करपून काळी पडली होती आणि दुसरं मधोमध कच्चं होतं. तीस वर्षांच्या संसारात माणसाने पहिल्यांदा गॅस पेटवला होता. लायटर कुठल्या बाजूने धरायचा इथपासून तयारी. आणि बायको कामावरून जेवायच्या सुट्टीत घरी आली, पदराने घाम पुसला, ताटलीकडे बघून कौतुकाने हसली आणि म्हणाली, "तुम्ही जेवा. माझा रोजा आहे."

"रमजान जाऊन चार महिने झाले," ते म्हणाले.

"रमजानचा नाही. नफल आहे."

नफल म्हणजे आपखुशीचा. कुणी सक्ती केलेली नाही, न धरला तर पाप नाही. रमजानचा महिना सगळ्यांचा असतो. सगळी गल्ली एकदम उपाशी आणि सगळी गल्ली एकदम जेवणारी. नफल रोजाचं तसं नसतं. शेजारी फोडणी पडते, समोरचा चहावाला कप विसळतो, आणि त्यात आपण एकटेच तोंडाला कुलूप लावून बसलेले. हिने ते कुलूप दर सोमवारी आणि दर गुरुवारी लावलं होतं. बावीस वर्षं. आणि घरच्या धन्याला पत्ता नाही.

त्याला पत्ता लागणार तरी कसा? तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. रविवारी संध्याकाळी निघायचा, तो शुक्रवारी परत. सोमवार आणि गुरुवार त्याने आयुष्यात स्टिअरिंगमागेच पाहिले. कधी सलग रजा मिळाली, तर तेवढे दिवस हिच्याही रोजांना रजा. परवाच्या शुक्रवारी तो निवृत्त झाला, कंपनीने गळ्यात हार घातला, आणि घरात बसून पाहिलेला हा पहिलाच सोमवार.

"सांगायचं तरी," ते म्हणाले.

"नफल रोजा काय दवंडी पिटून करतात? तो झाकून ठेवायचा असतो."

"नवऱ्यापासून?"

"सगळ्यांपासून. मी घड्याळ बघते, एक वाजून वीस झाले. मास्तर वाट बघतील. तुम्ही दोन्ही अंडी खा. ते कच्चं आहे ते जरा परत टाका तव्यावर."

आणि ती तीन जिने उतरून गेली.

झाकून ठेवायचा असतो हे खरं, पण ताकाला जाऊन भांडं कितीसं लपणार? घरात लपलं ते दुकानात उघडं पडलं होतं.

दुकान म्हणजे समोरच्या फुटपाथला लागून असलेली शिंप्याची खोली. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, एक इस्त्री, आणि दाराशी उजेडात एक स्टूल. त्या स्टुलावर बसून ही हाताने काजं करायची. मशीनचं काज आणि तिचं काज शेजारी ठेवलं तर आंधळ्यालाही बोटाने फरक कळावा. एरवी ती धागा जिभेवर ओला करून सुईत ओवायची, सगळे ओवतात तसा. पण सोमवारी आणि गुरुवारी डब्यातून अंगठ्याएवढा मेणाचा खडा निघायचा. धागा त्याच्यावरून सर्रकन ओढायचा, टोक ताठ होतं, सुईत आपसूक जातं. धागा जिभेला लावल्याने काही रोजा तुटत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिचं म्हणणं असं, की कुलूप लावलंय ना, मग किल्लीशी खेळत बसू नये. वर्षानुवर्षं धागे ओढून त्या खड्यावर इतके चरे पडले होते की तो एखाद्या म्हाताऱ्याच्या कपाळासारखा दिसायचा. दुकानात तिचं नावच पडलं मेणआपा.

रोजाबद्दल ती तिथेही अवाक्षर बोलली नव्हती. मास्तरांनी आपलं आपण ओळखलं, आणि ओळखून गप्प बसले. एवढंच, की त्या दोन दिवशी चहा मागवताना ते एक कमी मागवायचे आणि स्वतःचा कप मशीनच्या आड धरून प्यायचे.

त्या सोमवारी संध्याकाळी ड्रायव्हरसाहेब मगरिबची नमाज पढून घरी आले नाहीत. मशिदीत इमामांना गाठून बसले. इमाम तरुण होते, दाढी अजून गालांवर पुरती भरली नव्हती, आणि बापाच्या वयाच्या माणसाने बायकोची तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर ते जाजमाची दोरी उसवत राहिले.

मंगळवारी सकाळी साहेब चहाचा कप घेऊन बायकोसमोर उभे राहिले. चालण्यात ऐट होती.

"विचारून आलोय. नवरा घरी हजर असेल तर बायकोने नफल रोजा त्याच्या परवानगीने धरायचा. तसा हुकूमच आहे."

"मला ठाऊक आहे."

ऐट थोडी खाली बसली. "ठाऊक आहे? मग घेतली का नाहीस परवानगी?"

"हजर असेल तर, असं म्हणाले ना इमामसाहेब? बावीस वर्षांत तुम्ही कुठल्या सोमवारी हजर होतात?"

"काल होतो."

"काल चुकलं माझं," ती म्हणाली, आणि हे तिने इतक्या सरळ मान्य केलं की साहेबांनी नुसताच चहाचा घोट घेतला. "सवयीने उठले, सवयीने धरला. तुम्ही घरात आहात हेच मला सकाळी सातपर्यंत आठवलं नव्हतं. घोरलात तेव्हा आठवलं. आता विचारत जाईन."

"आणखी एक. ते म्हणाले, नुसते सोमवार-गुरुवार नसतात. चांद्र महिन्याच्या तेरा, चौदा, पंधरा तारखा. रमजाननंतरचे सहा. हजच्या महिन्यात अरफ्याचा एक. मोहरमचे दोन. हे सगळं तू…"

"जमेल तसं."

"हे काय वर्ष झालं? हा तर मैलामैलावर टोलनाका. मग मी त्यांना विचारलं, साहेब, रोजा धरायचाच नाही असे दिवस कुठले? तर म्हणाले, दोन ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन. पाच. वर्षातले पाच दिवस बायको माझी."

"रात्री आहेच की तुमची. रोज जेवते तुमच्याबरोबर."

"रात्री मी जेवून झोपतो. दुपार काढू कशी?"

यात मात्र तथ्य होतं. दुपार हा प्राणी साहेबांना नवा होता. रस्त्यावर दुपार नसते, तिथे पुढचं गाव असतं. घरातली दुपार जागची हलत नाही. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात, तिचा फोन संध्याकाळी. खिडकीत उभं राहून ते खालच्या गाड्यांना मनातल्या मनात मागे घ्यायचे: येऊ दे, येऊ दे, बस. आणि मुख्य म्हणजे, आता क्लीनर, नवे ड्रायव्हर, कुणीच त्यांना काही विचारत नव्हतं. कुठून वळू, किती वाजता निघू, साहेब गाडी लावू का. सगळं बंद. अशा माणसाच्या हातात अचानक एक परवानगी आली. मग काय विचारता?

बुधवारी संध्याकाळी हिने विचारलं, "उद्या गुरुवार. धरू?"

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, छताकडे पाहिलं, आणि चेकनाक्यावरचे लोक त्यांना ज्या आवाजात छळायचे त्याच आवाजात म्हणाले, "बघू."

"कधी बघू?"

"विचार करावा लागेल. पुढे घाट आहे."

जेवण झालं. भांडी झाली. झोपायच्या आधी निकाल लागला. नाही.

हुकूम तो हुकूम. गुरुवारी दुपारी ती घरी आली, नवऱ्यासमोर बसली आणि जेवली. साहेब इतके खूश होते की एकोणीसशे साली झाल्यासारखा वाटणारा एक जुना पंक्चरचा किस्सा त्यांनी दोनदा सांगितला. तिने दोनदा ऐकला. तिला पोट जड वाटत होतं, आणि जीव हलका, म्हणजे जसा नको तसा हलका, कुठेतरी खिसा फाटून काही पडल्यासारखा. दुकानात जाऊन तिने धागा जिभेवर ओला केला आणि कामाला लागली.

आणि तिथेच घोटाळा झाला.

मास्तरांच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण त्याच्यावर पाच वर्षांपासून हँगर लटकत होते. वर्तमानपत्रं होती, ती रद्दीतली, कापडाखाली नमुने कापायला. मास्तरांना वार कळायचा तो एकाच ठिकाणाहून. दाराशी मेण निघालं, की सोमवार किंवा गुरुवार. नाही निघालं, की अजून अवकाश आहे. आजवर त्यांच्या मेणाने फारसा दगा दिला नव्हता. (रमजानात रोजच मेण असायचं; तेव्हा ते महिनाभर कुणाला वायदाच द्यायचे नाहीत.) या गुरुवारी त्यांनी सकाळी डोळा तिरका करून स्टुलाकडे पाहिलं. मेण नाही. म्हणजे बुधवार. म्हणजे बँडवाल्यांचे नऊ शर्ट उद्या द्यायचे आहेत. त्यांनी निवांतपणे दुसऱ्याच कुणाची पँट उसवायला घेतली.

संध्याकाळी सहाला नऊ बँडवाले दारात ओळीने उभे.

"मास्तर, शर्ट."

"उद्या."

"उद्या काय? गुरुवार म्हणाला होतात."

"मग उद्याच की."

"मास्तर, आज गुरुवार आहे."

मास्तरांनी स्टुलाकडे पाहिलं. तिथे मेणआपा शेवटच्या धाग्याचं टोक जिभेवर ओलं करत होती. "आपा," मास्तर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आज वार कुठला?"

"गुरुवार," ती म्हणाली.

नऊ शर्टांना मिळून त्रेसष्ट काजं, त्यातलं एकही झालेलं नाही. बँडवाले शर्ट पिना लावून घालून गेले. नंतर कळलं, की ट्रम्पेटवाला सूर लांबवायला छाती फुगवायचा आणि दर खेपेला मधली पिन उघडून त्यालाच टोचायची. त्यामुळे त्या संध्याकाळी ट्रम्पेटमधून असे काही सूर निघाले, की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी दुपारी मास्तर गळ्यातली टेप न काढताच तीन जिने चढून आले.

"साहेब, मी तुमच्या घरात नाक खुपसायला आलेलो नाही," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि खुपसलं. "पण माझं कॅलेंडर बंद पडलंय. ते तुम्ही बंद केलंत असं कानावर आलं."

"कुणाच्या?"

"माझ्याच. आपा बोलल्या नाहीत. मी विचारलं, मेण का नाही, तर म्हणाल्या संपलं. डबा उघडा होता, मेण दिसत होतं."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती कांदा चिरत होती आणि अचानक कांद्यात फार गुंतली होती.

"खोटं बोललीस?"

"मी परवानगी संपली म्हणाले होते. मास्तरांनी अर्धंच ऐकलं," ती म्हणाली.

"मी पूर्ण ऐकलं," मास्तर म्हणाले. "पण आपा, तुम्ही नवऱ्याला सांभाळून घ्या, मला नका घेऊ. साहेब, दोन दिवस द्या मला आठवड्याचे. बाकी पाच तुमचे."

"मास्तर, बायको माझी आहे का तुमची भिंत?"

"तुमची बायको. पण भिंत माझी आहे ना."

मास्तर गेल्यावर साहेब बराच वेळ खिडकीत उभे राहून गाड्या मागे घेत होते. त्यांना एक गोष्ट खुपत होती. शिंप्याला ठाऊक. चहावाल्याला ठाऊक, एक कप कमी म्हणजे काय ते. गल्लीत ज्याला ठाऊक नव्हतं असा माणूस एकच, आणि तो तिच्या उशीला उशी लावून झोपत होता.

रविवारी मगरिबनंतर तिने नेमाने विचारलं, "उद्या धरू?"

"धर," साहेब म्हणाले. "मीही धरतो. बघू तरी एवढं काय आहे त्यात. दोघं उपाशी, तर एकट्याने जेवायचा प्रश्नच मिटला."

तिने नुसती मान डोलावली. पहाटे दोघं शेजारी बसून जेवले, साहेबांनी तिच्या दुप्पट खाल्लं, आणि ती कामावर गेली तेव्हा ते दाढी करत गुणगुणत होते.

दुपारी ती घरी आली तर टेबलावर केळ्याची साल.

"विसरलो," साहेब म्हणाले. "अकराला पोटात कावळे ओरडायला लागले, हात आपोआप गेला. तुटला का?"

"विसरून खाल्लं तर तुटत नाही. पुढे चालू ठेवायचा."

"असं?" साहेबांचा चेहरा उजळला. "मग ठीक आहे. कारण मी नंतरही विसरलो."

तिने साल उचलली. खाली अजून दोन होत्या.

"तीनदा विसरलात?"

"वय झालं."

"साल सोलताना आठवलं नाही?"

"सोलताना आठवलं होतं. खाताना विसरलो."

ती खुर्चीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रोजात इतकं हसावं का, हे इमामांना विचारायला हवं होतं. साहेबांनाही मग लाज सोडून हसू आलं. आणि रोजा एकदा तुटलाच आहे म्हटल्यावर, ती कामावर परतताच त्यांनी फडताळावरचा खजुराचा पत्र्याचा डबा काढून तोही रिकामा केला. संध्याकाळी बांग झाली, तिने डब्यात हात घातला, बोटं तळाला लागली. तिने पाण्यावर रोजा सोडला. रिकामा डबा झाकण लावून परत फडताळावर ठेवला.

तर आता बुधवार. संध्याकाळचं जेवण टेबलावर, खिडकीबाहेर अजून थोडा उजेड. तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "उद्या गुरुवार."

"बघू."

"नको."

साहेबांनी वर पाहिलं. "काय नको?"

"‘बघू’ नको. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर उद्या जेवेन, पुढच्या सोमवारी जेवेन, कायमचं जेवेन, हूं म्हणून तक्रार करणार नाही. पण मला दर आठवड्याला दोनदा नाक्यावर उभं करू नका."

"अगं, मी काय दुष्टपणा करतोय का? परवा माझा तुटला, तू तुझं काम करायला गेलीस, मी इथे ताट घेऊन बसलो. समोर रिकामी खुर्ची. एकट्याला घास उतरत नाही."

"तीन केळी उतरली."

"ती उभ्याने खाल्ली. मी बसून म्हणतोय. रिकाम्या खुर्चीसमोर बसून दाखव तू जेवून."

ती भात वाढत होती. हात थांबला.

"बसले होते," ती म्हणाली. "तुम्हाला लांबचा रूट मिळाला तो पहिला सोमवार. मुलगी शाळेत. सकाळपासून काही पोटात गेलं नव्हतं. अकराला तांदूळ घ्यायला उठले, सवयीने दोन मुठी घेतल्या. मग एक परत टाकली. मग दुसरी मूठ हातात धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. तीही परत टाकली. म्हटलं, कुढत उपाशी राहायचं तर रोजाच का धरू नये? नफल रोजाची नीयत मनाशी दुपारच्या आत केली तरी चालते."

तिने डाव भातात खोचून ठेवला.

"लाजही वाटली. अल्लाहला काय सांगू, नवरा घरी नाही म्हणून आले? पण आले. गुरुवारी परत आले. मग कधी तरी ते राहिलं बाजूला, आणि रोजा राहिला. आता त्या दिवशी मी तुमच्या गाडीची वाट बघत नाही. मला बरं वाटतं. सुई हातात असते, आत सगळं शांत असतं, कुणाशी तरी बोलत बसल्यासारखं. ते मला हवंय. तुमच्यावर राग नाही. तुम्ही घरी आलात म्हणून मी रोज दुपारी तीन जिने चढते की, ते कुणासाठी? रोजा असला तरी चढेन, समोर बसेन, तुमचा पंक्चरचा किस्सा ऐकेन. फक्त खाणार नाही."

तिने भात वाढला. दोघांना सारखा.

"बावीस वर्षांपूर्वी मला परवानगी विचारायला माणूसच नव्हता," ती म्हणाली. "आता आहे, तर विचारते. उद्या धरू?"

साहेबांनी ताटलीकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून उठले, आणि तिला वाटलं, आता छताकडे बघणार. पण ते फडताळापाशी गेले, हात वर केला आणि खजुराचा रिकामा डबा काढून काखेत मारला. पायात चपला सरकवल्या, डावी उजव्यात.

"अहो, भात निवतोय. हो की नाही, एवढं तरी सांगून जा."

दार उघडंच टाकून ते निघाले. डब्याचं झाकण सैल होतं, ते तिसऱ्या मजल्यापासून थेट रस्त्यापर्यंत खुळखुळत गेलं.